डोक्याला तेल लावून येऊ नये

आमच्या खोलीच्या दारावर मी स्वतःच्या हातानं लिहून चिकटवलेली पाटी आहे. ‘डोके शाम्पूने धुऊन यावे. तेल लावून येऊ नये.’ लातूरच्या या मेंदूच्या दवाखान्यात नोकरीला लागलो त्याच आठवड्यात ती लिहिली होती. अक्षर अजून ठळक आहे, वाचणारा मात्र अजून भेटायचाय. चाकूरहून, रेणापूरहून, पार उदगीरकडून माणसं येतात ती डोकं तेलानं चप्प करूनच. शहरात जायचं, मोठ्या डॉक्टरला डोकं दाखवायचं, तर ते तेल लावून, भांग पाडून, नीटनेटकंच दाखवलं पाहिजे, असा त्यांचा हिशेब. तो चुकीचा आहे असं मला मनातून कधी वाटलं नाही. पण तेलावर इलेक्ट्रोड टिकत नाही, म्हणून मी चिडतो. माझा स्वभावच चिडका आहे, त्याला तेल हे निमित्त.

“पाटी वाचली न्हाई का?”

“वाचली की साहेब. थोडकंच लावलंय.”

मग त्या माणसाला बेसिनपाशी न्यायचं, शाम्पूची पुडी फोडायची, पंख्याखाली बसवून केस वाळवायचे. अर्धा तास जातो. मी डॉक्टर नाही, साहेबही नाही. मेंदूचा आलेख काढणारा तंत्रज्ञ आहे. दवाखान्यात सगळे मला मामा म्हणतात, डॉक्टरसुद्धा. ते माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत.

काम तसं सोपं. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरायची, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत धरायची, मापानं खुणा करायच्या. जिथं खूण तिथले केस बाजूला सारायचे, कातडी हलकेच घासायची, पांढरी पेस्ट लावून एकेक वाटीसारखा इलेक्ट्रोड बसवायचा. मग पडद्यावर रेघा धावू लागतात. पेशंटला सांगायचं, डोळे मिटा. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागातून संथ, एकसारख्या लाटा येतात, त्यांना अल्फा म्हणतात. डोळे उघडले की त्या मोडतात. ज्याला फिट येते त्याच्या रेघांत मधूनच टोकदार काटा दिसतो, आणि डॉक्टरांना हवा असतो तो काटा.

पण रेघेत जे दिसतं ते सगळं मेंदूचं नसतं. पापणी लवली, दात आवळले, घाम आला, वायरीला धक्का लागला, की पडद्यावर मोठमोठ्या लाटा उठतात. नवशिक्याला वाटतं केवढा हा आजार. आम्ही त्याला आर्टिफॅक्ट म्हणतो, म्हणजे दिसतं पण मेंदूचं नसतं. माझी सगळी नोकरी मेंदूचं काय आणि बाहेरचं काय हे वेगळं करण्यात गेली.

एक गोष्ट मात्र मी कुठल्या पुस्तकात वाचली नाही, आपली आपण लागलेली सवय आहे. घाबरलेला पेशंट असला, वायरी लावल्यावर डोळ्यांत पाणी आणून छताकडे बघत पडला, की मी उगाच उठतो आणि ‘हा जरा सैल झालाय’ असं म्हणून एखादा इलेक्ट्रोड दाबून धरतो. इलेक्ट्रोड पक्का असतो. पण हात डोक्यावर राहिला की माणूस निवतो. परक्या माणसाच्या डोक्यावर नुसता हात ठेवायचा म्हणजे संकोच वाटतो, म्हणून इलेक्ट्रोडचं कारण.

इतक्या माणसांच्या डोक्यांना हात लावला मी. माझ्या डोक्याला हात लावणारं एकच माणूस होतं आणि ते गेलं.

बायको गेली त्याला आता काही वर्षं झाली. ती दर उन्हाळ्यात खोबरेलात माका उकळून तेल करायची. घरभर त्याचा हिरवट, जरा कडवट वास पसरायचा. रविवारी आंघोळीआधी ती मला पाटावर बसवून डोकं चोळायची आणि चोळता चोळता आठवड्याची सगळी भांडणं काढायची. मी डोळे मिटून हं हं करायचो. तिच्यामागे तेल संपलं. मला ते करता येत नव्हतं आणि विकतचं आणावंसं वाटलं नाही. तशीही माझी नोकरी तेलाविरुद्धच होती.

मुलगी पुण्याला असते. संध्याकाळी फोनवर तोंड दाखवते, “बाबा, जेवलात का?” विचारते. मी जेवलो म्हणतो. घरात आवाज असावा म्हणून टीव्ही लावायचो, पण त्यावरची माणसं इतकी भांडायची की तोही बंद केला. शेजारी बोलवायचे, पण बोलावल्यावर बोलावं लागतं. मला अशी जागा हवी होती जिथं माणसं आहेत आणि बोलावं लागत नाही. तशी जागा नांदेडला निघाली.

तिथल्या एका विहाराच्या हॉलमध्ये एक निवृत्त इंजिनियर सुट्टीच्या सकाळी ध्यानाला बसवायचे. ते नोकरीनिमित्त बरीच वर्षं जपानात राहिले होते आणि तिकडचं झेन पद्धतीचं बसणं शिकून आले होते. आमच्याकडे विपश्यना पुष्कळांना ठाऊक आहे. हे वेगळं. भिंतीकडे तोंड करून, आसनावर ताठ बसायचं. डोळे मिटायचे नाहीत, अर्धे उघडे ठेवून नजर समोर खाली सोडून द्यायची. श्वासावर काही करायचं नाही, मंत्र नाही, काही मिळवायचं नाही. पहिल्याच दिवशी मी विचारलं, “मग बसायचं कशाला?” ते म्हणाले, “बसायला.” मला राग आला होता. पण पुढच्या सुट्टीला मी पुन्हा बस पकडली. चाकूर, अहमदपूर, लोहा करत पहाटेची गाडी नांदेडला पोचते. दोन्हीकडच्या खिडकीला आपापल्या विचारात बुडालेली माणसं असतात. तो प्रवाससुद्धा मला आवडायला लागला.

भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसांची ओळख होत नाही. पाठी तेवढ्या ओळखीच्या होतात. मला तेच बरं वाटायचं.

त्यात एका उन्हाळ्यातल्या सकाळी ते झालं. माझ्या समोरच्या पिवळसर भिंतीवर ओलीचा डाग होता, तोच नेहमीचा. बाहेर हापशापाशी कुणीतरी धुणं आपटत होतं. आधी वास आला. माक्याच्या तेलाचा, ताज्या उकळलेल्या तेलाचा, हिरवट कडवट. मग पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं झालं, आणि धुण्याचा आवाज बाहेर राहिला नाही. आतही आला नाही. आत आणि बाहेर ही दोन ठिकाणंच उरली नाहीत. धुणं आपटत होतं, डाग होता, वास होता, आणि हे सगळं बघणारा कुणी एक गुडघेदुखीवाला विधुर तिथं बसलेला नव्हता. मी एकटा नव्हतो. कुणी सोबत आलं होतं असं नव्हे. एकटा असायला जो लागतो तोच नव्हता. किती वेळ, सांगता येणार नाही. घंटा वाजली तेव्हा मी इतका सुखात होतो की उठावंसं वाटेना.

मी गुरुजींना गाठलं. त्यांना गुरुजी म्हटलेलं आवडत नसे, पण दुसरं काय म्हणणार? सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “असं होतं कधी कधी. आलं, गेलं. धरून बसू नका. पुढच्या वेळी वेळेवर या.” बस्स. दारातल्या चपला नीट लावायला सांगितलं असतं तर तेही त्याच सुरात सांगितलं असतं. परतीच्या बसमध्ये मला वाटलं, आयुष्यात एकदा काहीतरी मिळालं आणि ते दाखवायला गेलो तर समोरच्यानं बघितलंसुद्धा नाही.

पुढे ते परत आलं नाही. मी जात राहिलो, बसत राहिलो. खरं सांगायचं तर बसत नव्हतो, वाट बघत होतो.

आणि वाट बघता बघता एक शंका घर करू लागली. कारण माझं काम. फिटच्या पेशंटला मी रोज ठरलेले प्रश्न विचारतो: फिट येण्याआधी कसला वास येतो का? पोटातून वर काही चढल्यासारखं वाटतं का? कानशिलामागच्या भागातून सुरू होणाऱ्या फिटचं ते लक्षण असतं. माणूस पडत नाही, हातपाय झाडत नाही, नुसता कुठंतरी हरवतो आणि परत येतो. दुसऱ्या कुणी मला ‘आधी तेलाचा वास आला’ असं सांगितलं असतं तर मी कागदावर खूण करून डॉक्टरांना हाक मारली असती. स्वतःच्या बाबतीत मी गप्प राहिलो.

मग रेणापूरकडची एक बाई आली. पन्नाशीची, नवरा नसलेली, भावजयीबरोबर आलेली. मी नेहमीचे प्रश्न विचारले.

“वास येतो ना. उदाचा वास येतो,” ती म्हणाली. “मग लई बरं वाटतं. कुणीतरी जवळ हाय असं वाटतं. मग काय होतं ते मला ठावं न्हाई. ही सांगती की मी गपगार बघत बसते म्हणून.”

“घाबरायला होत नाही?”

“न्हाई वो. चांगलं वाटतं.”

तिच्या रेघांत उजव्या कानशिलाशी काटे होते, अगदी पुस्तकात असतात तसे. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. काही महिन्यांनी ती पुन्हा आली, तेव्हा रेघा स्वच्छ होत्या. भावजय खूश होती, चुलीपाशी आता भीती नाही म्हणाली, आणि ते खरंच होतं. मी वायरी काढत असताना ती बाई हळूच म्हणाली, “आता वास येत न्हाई. बरंच झालं म्हणा. पण घर लई मोकळं मोकळं वाटतं.”

मी तिच्या केसांतली पेस्ट पुसत होतो.

आता माझ्यापुढे प्रश्न स्पष्ट होता. त्या सकाळी जे झालं ते मला मिळालेलं होतं, की माझ्या कानशिलातला एक काटा? काटा असेल तर त्यावर गोळी आहे, आणि गोळी घेतली की ते पुन्हा कधी येणार नाही. मशीन माझ्याच खोलीत, माझ्याच हाताखाली होतं. आणि मला त्याची भीती वाटत होती.

बोलून गेलो ते डॉक्टरांच्या उत्साहामुळे. मी झेनला बसतो हे त्यांना कळलं होतं. ते चहा पीत म्हणाले, “मामा, मुरलेल्या लोकांचा अल्फा डोळे अर्धे उघडे असतानाही मोडत नाही म्हणतात. एकदा तुमचाच काढून बघू.” मला गंमत वाटली, बरं वाटलं, आणि त्या भरात मी ती सकाळ सांगून टाकली. वासाचा उल्लेख आला तसा त्यांचा कप हातातच राहिला.

“वास आधी आला?”

“हो.”

“पोटातून वर चढल्यासारखं?”

“हो.”

“मामा, तुम्ही स्कूटर चालवता ना?”

हा प्रश्नही मला पाठ होता, पेशंटच्या बाजूनं मात्र पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी सोमवारी तपासणी ठरवली, तोवर स्कूटर बंद करायला सांगितली, आणि विचारलं, “घरात कुणाला होतं का असं काही? आईवडिलांना?” मी नाही म्हणालो, मग म्हणालो, विचारून सांगतो. विचारायला आता एकच माणूस उरलं होतं.

माझी थोरली बहीण, आक्का, कंधारजवळच्या एका गावात राहते. माझ्यापेक्षा बरीच मोठी. तिनं मला कडेवर खेळवलंय. रविवारी मी नांदेडला न जाता लोह्याला उतरलो आणि गाडी बदलून तिच्याकडे गेलो. सून रानात गेली होती, ती एकटी ओट्यावर तूर निवडत होती.

“का रं? असा अचानक? समदं बरं हाय ना?”

मी सांगितलं, उद्या डोक्याची तपासणी आहे. का आहे तेही सांगितलं, जमेल तितकं. धुण्याचा आवाज, वास, ती भिंत. तिला झेन काय ठाऊक असणार? ती तूर निवडायची थांबली होती. मग मी विचारलं, “आक्का, आईला कधी फिट येत होती का?”

“फिट न्हवती,” ती म्हणाली. “आईच्या अंगात यायचं.”

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आमचे वडील, आम्ही त्यांना बापू म्हणायचो, प्राथमिक शाळेत मास्तर होते. छप्पन सालानंतर गावात धम्म आला तेव्हा घरातले देव नदीत सोडणाऱ्यांत ते पहिले. रोज वंदना त्यांच्या आवाजात व्हायची. बुद्धानं काही मानायला सांगितलेलं नाही, तपासून घ्यायला सांगितलंय, हे त्यांचं नेहमीचं सांगणं. आमच्या घरात बुद्ध म्हणजे डोकं ताळ्यावर असणं. अंगात येणं, नवस, कोंबडं हे शब्दसुद्धा उंबऱ्याबाहेर. म्हणूनच नांदेडची ती सकाळ मी आमच्यातल्या कुणाला सांगितली नव्हती. ‘तुझ्या अंगात आलं’ असं कुणी म्हणालं असतं तर मी मेल्याहून मेला झालो असतो.

“धम्म घेतला, देव सोडले,” आक्का म्हणाली. “पण देवी काय देव्हाऱ्यात हुती का? आईच्या अंगात हुती. ती कुठं सोडणार?”

“मग?”

“मग काय. बापूनं सांगितलं, ह्या घरात आता हे न्हाई. आईनं ऐकलं. तिलाबी पटलं हुतं. पण जत्रंची हलगी वाजाय लागली की जात्याचा खुटा धरून बसायची. दळाय काही नसलं तरी. असा घट्ट धरायची, बोटं पांढरी पडायची. मी ल्हान हुते, तू तर न्हवतासच. मला म्हणायची, टाळूवर एरंडेल घाल. मी घालायची, चोळायची. मग हळूहळू हात सुटायचा.”

“बापूला माहीत होतं?”

“हाव. ते भाईर जाऊन बसायचे. हलगी थांबेस्तोवर आत येत न्हवते.”

बापूंचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्या देवीच्या देवळाची पायरी आम्हाला चढू देत नव्हते, तीच आमच्या बाईच्या अंगात येऊन आमच्याकडेच कोंबडं मागणार, हे त्यांना सोसलं नाही. मला तरी सोसलं असतं का? पण आई डोळ्यांसमोरून हलेना. रिकामं जातं आणि तो खुटा. तिला काय होत होतं हे तिला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिनं कुठल्या शब्दांत सांगितलं असतं? जुने शब्द सोडले होते आणि नव्यांत त्याला जागा नव्हती. माझ्याकडे निदान मशीन तरी होतं.

आक्का उठून आत गेली आणि वाटीत कोमट केलेलं तेल घेऊन आली. वासावरून ओळखलं, एरंडेल.

“बस हितं खाली.”

“आक्का, उद्या तपासणी हाय. तेल चालत न्हाई.”

“दवाखान्यात चाललास, असं कोरडं डोकं घेऊन? केस बघ कसे वाळल्या गवतागत झाल्यात. बस म्हणते ना.”

मी तिला नीट समजावून सांगू शकलो असतो. एरंडेलाइतकं चिवट तेल दुसरं नाही, ते शाम्पूलाही दाद देत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? पण मी ओट्याखाली तिच्या पायाशी बसलो. तिनं टाळूवर तेल सोडलं आणि म्हाताऱ्या, खरखरीत तळव्यानं ते जिरवायला लागली. एकदा म्हणाली, “आईचीच टाळू हाय तुझी.” मी डोळे मिटून घेतले. बायको गेल्यापासून माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता हे मला त्या क्षणी कळलं. इतकी वर्षं ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. न्हाव्याचा लागतो, पण तो काही हात नव्हे. मला खूप एकटं वाटलं, आधी कधी वाटलं नव्हतं इतकं, आणि ते तिच्या हाताखाली बसून वाटलं.

सोमवारी सकाळी घरी दोनदा डोकं धुतलं, तरी बोट फिरवलं की चिकट. तसाच गेलो. तपासणी घेणार होती ती आमच्या खोलीतली दुसरी तंत्रज्ञ. माझ्या मुलीच्या वयाची, माझ्याच हाताखाली शिकलेली. शिकवताना मी तिला इतका ओरडलोय की सुरुवातीला ती बाथरूममध्ये जाऊन रडून यायची. तिनं माझ्या केसांत बोटं घातली, बोटं नाकाशी नेली, आणि माझ्याकडे बघितलं.

“मामा, पाटी वाचली न्हाई का?”

“वाचली की,” मी म्हणालो. “थोडकंच लावलंय.”

ती हसली नाही. मला बेसिनपाशी घेऊन गेली, मान खाली घालायला सांगितली आणि स्वतःच माझं डोकं धुतलं. एक पुडी, मग आणखी एक. पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर आडवा हात धरला. मी पेशंटला असाच धरतो. मग खुर्चीत बसवून तिनं टेप काढली. नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत, या कानापासून त्या कानापर्यंत. दोन मापं जिथं एकमेकांना छेदतात ती टाळू. तिथं पेन्सिलनं खूण करताना तिचा अंगठा क्षणभर थांबला. अजून तेल होतं तिथं. तिनं पुन्हा पुसलं.

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. आमच्या खोलीची भिंत आकाशी रंगाची आहे. त्यावर एका औषध कंपनीचं कॅलेंडर असतं, ते तिनं उतरवून ठेवलं होतं. डोळे अर्धे खाली सोडले. मागे मशीन सुरू झाल्याचा बारीक आवाज आला.

मी वाट बघत होतो, ते कबूल करायला हरकत नाही. वास यावा असं वाटत होतं आणि येऊ नये असंही. आला तर मशीन त्याला पकडेल, मग तो माझा राहणार नाही. नाही आला तर मी हा असाच. रस्त्यावर मेथीवाला ओरडत होता. तो बाहेरच राहिला. मी आतच राहिलो. पेस्टचा आणि शाम्पूचा वास येत होता, माक्याचा नव्हता. मला आई आठवली, जात्याचा खुटा आठवला. बायको आठवली, रविवारच्या भांडणांसकट. तपासणीच्या रीतीप्रमाणे डोळ्यांवर उजेड लुकलुकवून झाला, जोरजोरात श्वास घेऊन झाला. काहीही झालं नाही. नुसतं एक साधं, स्वच्छ कळणं होतं की बायको आता येणार नाही, ना वासातून ना कशातून. आणि मी ताठ बसलेला तसाच रडायला लागलो. आवाज न करता. पण रेघांना आवाज लागत नाही. जबडा आवळला की पडदा भरून जातो, हे मला माहीत होतं, आणि पडद्यासमोर ती पोरगी बसलेली होती.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली.

“हा जरा सैल झालाय, मामा,” ती म्हणाली, आणि टाळूवरच्या इलेक्ट्रोडवर तिनं तळहात ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला, आणि तिथंच राहू दिला.

ही युक्ती मी तिला कधी शिकवलेली नव्हती. मी कुणालाच सांगितलेली नव्हती. तिनं बघितली असणार.

दुपारी डॉक्टर आले, पडद्यासमोर बसले, रेघा पुढे मागे सरकवत राहिले. मी त्यांच्या मागे उभा होतो. “काटा कुठंच नाही,” ते म्हणाले. “अल्फा थोडा टिकलाय डोळे उघडे असताना, पण तसा तो इतरांचाही टिकतो. नॉर्मल आहे मामा. अर्थात एका नॉर्मल आलेखानं काही सिद्ध होत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. पुन्हा वास आला तर लगेच सांगायचं.” मी हो म्हणालो. म्हणजे ती सकाळ काय होती ते मशीननंही सांगितलं नाही. गुरुजींनी जेवढं सांगितलं होतं तेवढंच, आलं आणि गेलं.

मग ते एका ठिकाणी थांबले. सगळ्या रेघांत बारीक, दाट खरखर होती आणि मधल्या एका रेघेवर एक मोठी, संथ लाट उठलेली होती. पूर्ण आलेखात तेवढी मोठी दुसरी नव्हती.

“इथं काय झालं?”

“टाळूवरचा इलेक्ट्रोड सैल झाला होता सर,” ती म्हणाली.

“बरं. आर्टिफॅक्ट आहे, सोडून द्या,” म्हणत ते पुढे सरकले. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. इलेक्ट्रोड बसवायला तिला मीच शिकवलंय आणि तिनं बसवलेला इलेक्ट्रोड सैल होत नाही.